माझी साडेसाती: बी.कॉम. ते बीएसएन, व्हाया कम्युनिटी कॉलेज

डिग्री मंजूर झाल्याचा ईमेल आला तेव्हा मी हॉस्पिटलातली नाइट ड्युटी संपवून नुकतीच घरात शिरले होते, बूटही काढले नव्हते. पहिला फोन वाईला, आईला. "झालं गं एकदाचं," म्हटलं. तिनं विचारलं, "सुरू कधी केलं होतंस?" जानेवारी २०१८. आता जून २०२५. पलीकडे थोडा वेळ शांतता, बहुतेक बोटांवर मोजत होती. मग म्हणाली, "साडेसात वर्षं! म्हणजे साडेसातीच की."

शनीला उगाच मध्ये ओढायला नको, पण हिशोब बरोबर आहे. न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षांची नर्सिंगची डिग्री, म्हणजे एडीएन, आणि तिच्यावर बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स, या दोन पायऱ्या चढायला मला एवढी वर्षं लागली. त्यातली निदान दीड वर्षं अभ्यासात नाही, कागदांत गेली. इथल्या काही मराठी मैत्रिणी अधूनमधून विचारतात, "नर्सिंगचं कसं करायचं गं?" दर वेळी फोनवर तासभर बोलून मीच दमते, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. माझ्या चुकांसकट.

मी २०१२ मध्ये लग्न होऊन क्वीन्सला आले, ग्रीन कार्डावर. हे आधीच सांगते, कारण व्हिसा वेगळा असेल तर फीचे आणि मदतीचे नियम बदलतात आणि माझा अनुभव तसाच्या तसा लागू पडणार नाही. जवळ होती बी.कॉम.ची डिग्री, सेकंड क्लास, २००९. नवरा प्रिंटिंग प्रेसमध्ये, मुलगा लहान. मी होम हेल्थ एडचा कोर्स करून म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊ लागले. अंघोळ घालणं, औषधांची आठवण करणं, मऊ भात करणं. एका आजोबांकडे आठवड्यातून एकदा नर्स यायची. पंधरा मिनिटं थांबायची, पायाची जखम बघायची, लॅपटॉपवर काहीतरी टाइप करून निघून जायची. आठवडाभर ती जखम बघायचे मी, पण तिच्याबद्दल बोलायचा अधिकार तिचा. ते मनात रुतलं.

आता थोडी व्यवस्था समजावून सांगते. अमेरिकेत आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, होण्याचे मुख्य रस्ते दोन. कम्युनिटी कॉलेजातून एडीएन किंवा विद्यापीठातून चार वर्षांचं बीएसएन. शेवटी परीक्षा एकच, एनक्लेक्स-आरएन, आणि लायसनही एकच. मग कोणीही स्वस्तातला छोटा रस्ताच धरेल. मीही तोच धरला. गंमत अशी की १८ डिसेंबर २०१७ ला न्यूयॉर्क राज्याच्या एका नव्या कायद्यावर सही झाली. यापुढे नव्यानं आरएन होणाऱ्यांनी पहिलं लायसन मिळाल्यापासून १० वर्षांत बीएसएन पूर्ण करायचं. सगळे त्याला 'बीएसएन इन टेन' म्हणतात. आधीच लायसन असलेल्यांना आणि तेव्हा शिकत असलेल्यांना सूट मिळाली. मी कॉलेजात पाऊल ठेवलं जानेवारी २०१८ मध्ये. एका महिन्यानं हुकलं.

मला हे तेव्हा माहीतच नव्हतं. माझी लढाई चालली होती आर्थिक मदतीच्या खिडकीशी.

इथे सरकारी मदतीसाठी फाफ्सा नावाचा फॉर्म भरतात. त्यात एक प्रश्न असतो: शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी तुमची पहिली बॅचलर्स डिग्री पूर्ण झालेली असेल का? मी अभिमानानं 'हो'वर टिक केली. बी.कॉम. आहे ना! त्या एका टिकेनं पेल ग्रँट शून्य. ही ग्रँट परत फेडायची नसते, पण ती पहिल्या बॅचलर्सपर्यंतच मिळते, आणि डिग्री परदेशातली असली तरी ती मोजतात. पहिल्या सेमिस्टरची फी आम्ही क्रेडिट कार्डावर भरली.

कॉलेजात एक अॅडव्हायजर बाई होत्या. केस पांढरे, गळ्यात चष्म्याची साखळी, बोलणं कमी. त्यांनी माझा फॉर्म पाहिला आणि विचारलं, "तुझी डिग्री किती वर्षांची?" तीन, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. परदेशी डिग्री अमेरिकेतल्या बॅचलर्सच्या बरोबरीची आहे की नाही हे कॉलेजनं ठरवायचं असतं, आणि बरोबरीची नाही असा लेखी पुरावा आणला तर ते विचार करतात. इथली बॅचलर्स चार वर्षांची. म्हणजे मला आता माझी बी.कॉम. पुरेशी बी.कॉम. नाही हे सिद्ध करायचं होतं!

डिग्री तपासून अहवाल देणाऱ्या संस्था असतात. त्यांना ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या मार्कांचा उतारा, थेट विद्यापीठाकडून, बंद पाकिटात, फ्लॅपवर शिक्का मारून लागतं. दादानं सुट्टी टाकून दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला संस्थेचा फॉर्म, ज्यावर माझा संदर्भ क्रमांक होता, तो पाकिटात घालायचाच राहिला, आणि पाकीट इथे येऊन सहा आठवडे कोणाचं ते न कळल्यानं पडून राहिलं. चूक माझीच, मी त्याला फॉर्म पाठवला तो व्हॉट्सअॅपवर, तोही बाकी पंधरा फोटोंच्या मध्ये. दुसऱ्या खेपेला वहिनीनं पाकिटावर माझं नाव, जन्मतारीख आणि क्रमांक लाल पेनानं लिहिला. अहवाल ऑगस्ट २०१८ मध्ये आला: तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण, बॅचलर्सच्या बरोबरीचं नाही. मी आनंदानं उडी मारली. आपल्या डिग्रीला कमी लेखल्याचा इतका आनंद कोणाला झाला नसेल. फाफ्सा दुरुस्त झाला, २०१८-१९ पासून पेल सुरू झाली. त्या वर्षी तिची कमाल मर्यादा ६,०९५ डॉलर होती. मी अर्धवेळ असल्यानं मला कमी मिळाले, पण फी भागली.

इथे एक पैशाची चूक केली ती सांगते. अहवाल दोन प्रकारचा असतो. एकात फक्त डिग्रीची बरोबरी सांगतात, दुसऱ्यात प्रत्येक विषयाची क्रेडिट्स, म्हणजे अभ्यास मोजायचं इथलं माप, मांडतात. पहिला स्वस्त, म्हणून मी तो घेतला. पाचेक वर्षांनी दुसरा लागलाच. पुढे बीएसएन करायचं असेल तर पहिल्याच दिवशी विषयवार अहवाल मागा.

एडीएन दोन वर्षांचं म्हणतात, पण ती दोन वर्षं नर्सिंगच्या वर्गात बसल्यावरची. त्याआधी इंग्रजी, मानसशास्त्र, अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी. दिवसा काम, संध्याकाळी वर्ग, म्हणून मला त्यालाच दीड वर्ष लागलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम. हाडांची नावं मी देवनागरीत लिहून पाठ केली, स्वयंपाकघरात कपाटावर चिकटवून. मुलगा अजून कोपराला 'ओलेक्रॅनन' म्हणतो.

लसीकरणाचा दाखला हाही एक अडथळा. न्यूयॉर्कच्या कॉलेजात गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या प्रतिकारशक्तीचा पुरावा लागतो. १९८८ साली जन्मलेल्या मुलीचं लसीचं कार्ड कोणाकडे असणार? आईनं ट्रंक उपसली, माझा बाळसं धरलेला फोटो सापडला, कार्ड नाही. सरळ रक्त तपासून घेतलं, टायटर म्हणतात त्याला. त्या अहवालाचा कागद फेकू नका. मला तो एडीएनला, नोकरीला, बीएसएनला आणि शेवटी प्रॅक्टिकमला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या कोर्सला, असा चारदा लागला.

सप्टेंबर २०१९ मध्ये नर्सिंगचे वर्ग सुरू झाले. तेव्हा त्याच अॅडव्हायजर बाईंनी आम्हा सगळ्यांना एक कागद दिला होता. तीन रकाने. पहिल्यात एडीएनला काय लागतं, दुसऱ्यात बीएसएनला काय लागतं, तिसरा रिकामा: तुझ्याकडे काय आहे. त्या म्हणाल्या, "स्टॅटिस्टिक्स आणि इतिहास किंवा तत्त्वज्ञानाचा एखादा विषय इथेच करून टाका. इथे क्रेडिटला २१० डॉलर पडतात, पुढे जास्त पडतील." मी कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला. आधी हे तरी पार पडू दे, बीएसएनचं पुढचं पुढे. तो कागद मी पुन्हा उघडला २०२२ मध्ये.

मधल्या काळाबद्दल फार लिहीत नाही. मार्च २०२० मध्ये क्वीन्समधलं एल्महर्स्ट हॉस्पिटल जगभरच्या बातम्यांत होतं, आणि आमचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. रात्रभर सायरन. आमची क्लिनिकल्स, म्हणजे हॉस्पिटलातली प्रात्यक्षिकं, बंद झाली, पडद्यावरच्या खोट्या पेशंटची नाडी बघत एक सेमिस्टर काढली. वर्गातल्या तिघी सोडून गेल्या. मी का टिकले ते मलाही नीट सांगता येणार नाही. सोडायला लागणारा निर्णय घेण्याइतकीही शक्ती उरली नव्हती, असं असावं.

जून २०२१ मध्ये एडीएन पूर्ण. राज्याच्या लायसनच्या अर्जाला १४३ डॉलर, एनक्लेक्सला २००. त्याशिवाय मुलांवरचे अत्याचार ओळखण्याचा आणि इन्फेक्शन कंट्रोलचा असे दोन छोटे कोर्स, ते कॉलेजातच होऊन गेले. परीक्षा तेव्हा किमान ७५ आणि कमाल १४५ प्रश्नांची होती. कॉम्प्युटरला तुमची पातळी कळली की तो मध्येच बंद होतो. बाकीच्या मैत्रिणींचा ७५ ला बंद झाला होता. माझा ७५ ला नाही, ९० ला नाही, शंभर ओलांडले. बंद झाला ११२ वर, आणि मी बाहेर येऊन लॉकरच्या किल्लीसकट फुटपाथवर आले. परत जाऊन किल्ली दिली. तीन दिवसांनी राज्याच्या वेबसाइटवर माझं नाव आणि लायसन नंबर दिसला. ऑगस्ट २०२१. म्हणजे बीएसएनची माझी मुदत ऑगस्ट २०३१.

दहा वर्षं म्हणजे भरपूर असं वाटलं. नोकरीच्या जाहिराती वाचेपर्यंत. मॅनहॅटनमधल्या बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांच्या जाहिरातीत बीएसएन असलेल्यांना प्राधान्य, कुठे कुठे बीएसएन हवंच. चाळीस अर्ज केले, दोन उत्तरं आली, दोन्ही नकार. शेवटी एका नर्सिंग होममध्ये लागले. तिथल्या एका बाजूला चाळीस पेशंट आणि आरएन मी एकटी. वर्षभरात जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका हॉस्पिटलात मेड-सर्ज, म्हणजे औषधोपचाराच्या आणि ऑपरेशनच्या पेशंटच्या, वॉर्डला नाइट मिळाली. ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावर एक कलम: रुजू झाल्यापासून पाच वर्षांत बीएसएन. कायदा दहा म्हणतो, मालक पाच म्हणतो. सही केली.

आता शोधाशोध. ऑनलाइन फॉर्मवर फोन नंबर टाकला आणि पस्तावले. एका खासगी विद्यापीठाच्या प्रतिनिधीचे आठवड्यात सात फोन. "आजच नाव नोंदवलं तर अर्जाची फी माफ." क्रेडिट किती धरणार हे विचारलं की उत्तर, "ते प्रवेशानंतर बघू." मी ते ईमेलवर लिहून मागितलं. फोन थांबले.

मी तीन गोष्टी बघितल्या. कार्यक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कार्यक्रम तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, कारण ती नसेल तर पुढे मास्टर्सला अडतं आणि हॉस्पिटलही पैसे देत नाही. माझी किती क्रेडिट्स धरतील. आणि हजेरी कशी, कारण नाइट करून सकाळी नऊच्या वर्गात बसणं मला जमणार नव्हतं. एका ठिकाणी ४२ क्रेडिट्स उरत होती, दुसरीकडे ३१. दुसरं सार्वजनिक विद्यापीठ होतं, जवळजवळ सगळं ऑनलाइन, क्रेडिटला ३०५ डॉलर. ठरलं.

अर्ज मार्च २०२३ मध्ये, ७० डॉलर. त्या आधी वसंतातल्या सेमिस्टरला जुन्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन स्टॅटिस्टिक्स केलं, ६३० डॉलर. हो, तेच, जे पेलच्या पैशात फुकट झालं असतं. बी.कॉम.ला मी स्टॅटिस्टिक्स शिकले होते, पण अभ्यासक्रमाचा कागद नव्हता आणि विषय दहा वर्षांहून जुना, म्हणून ते धरलं नाही.

आणि आता बी.कॉम. पुन्हा आली, उलट्या तोंडानं. २०१८ मध्ये ती मोजली जाऊ नये म्हणून धडपडले, २०२३ मध्ये ती मोजली जावी म्हणून. फरकाचे पैसे भरून विषयवार अहवाल घेतला. बीएसएनला एकूण १२० क्रेडिट्स लागतात, आणि त्यातली ठरावीक लिबरल आर्ट्स आणि सायन्सची, म्हणजे भाषा, समाजशास्त्रं, विज्ञान असल्या विषयांची हवीत. अकाउंटन्सी त्यात बसत नाही. टॅली, ताळेबंद, घसारा, सगळं 'मोकळे ऐच्छिक' या डब्यात. अर्थशास्त्राचा एक पेपर बसला, इंग्रजी बसलं. परदेशी भाषेच्या अटीसमोर अॅडमिशनच्या माणसानं विचारलं, "बारावीपर्यंत कुठली भाषा शिकलीस?" मराठी. त्यानं बारावीची मार्कशीट बघितली आणि अट पूर्ण झाल्याची खूण केली. इतकी वर्षं ज्या भाषेमुळे मागे पडते असं वाटायचं, तिनं एका खुणेत माझे एका विषयाचे पैसे वाचवले.

पैशाचं गणित असं: माझं हॉस्पिटल वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाचे पैसे परत देतं. हा आकडा त्यांचा नाही, कर खात्याचा आहे. मालकानं तेवढी मदत दिली तर ती तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत. पण पैसे आधी तुम्ही भरायचे, बी किंवा वरची ग्रेड मिळवायची, मग पावती जोडायची. आणि शेवटची रक्कम मिळाल्यापासून दोन वर्षं नोकरी सोडायची नाही. मी विद्यापीठाच्या हप्त्यांवर भरत गेले. एक सल्ला: कोर्स सुरू होण्याआधी मंजुरीचा फॉर्म भरावा लागतो, नंतर नाही. माझी एक सहकारी हे न वाचल्यानं एका कोर्सच्या पैशाला मुकली.

सप्टेंबर २०२३, पहिला कोर्स. विषय असा: नर्सिंगमध्ये शिकण्याच्या इतक्या पायऱ्या का? मी चरफडतच वाचायला घेतलं आणि गुंतत गेले. ही दोन वर्षांची डिग्री मुळात प्रयोग म्हणून सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेस कमी पडत होत्या, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी ही कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये काही कॉलेजांत ती करून बघितली. त्यांच्या मनात ही एक वेगळ्या, तांत्रिक कामाची नर्स होती. लायसन मात्र सगळ्यांना एकच मिळालं, आणि वादाला तोंड फुटलं. १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशननं म्हटलं की व्यावसायिक नर्सिंगला किमान बॅचलर्स हवी. २००३ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास छापला: बॅचलर्स असलेल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे ऑपरेशनच्या पेशंटची ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ५ टक्क्यांनी कमी. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बॅचलर्स असाव्यात असं लक्ष्य ठेवलं.

हे वाचून मला राग आला होता. माझ्या हातून काय कमी पडतं, असा. पेपरातही तसं लिहिलं. प्राध्यापिकेनं शेऱ्यात विचारलं, "तुझ्या वॉर्डात गेल्या वर्षात बदललेल्या एका पद्धतीमागचा पुरावा तू स्वतः वाचलास का?" नव्हता वाचला. गप्प बसले.

त्या पेपरला ६८ मार्क मिळाले. रागामुळे नाही, संदर्भ चुकीचे दिल्यामुळे. एपीए नावाची संदर्भ लिहिण्याची पद्धत आहे, तिच्यातल्या स्वल्पविरामांनी मला जेवढं रडवलं तेवढं एनक्लेक्सनं नाही. विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये झूमवर अर्धा तास मोफत मिळतो. मी सहा आठवडे दर मंगळवारी बसले. तिथल्या मुलानं एक युक्ती सांगितली: लेख वाचून मिटवून टाक, मग तुझ्या भाषेत कोणाला तरी सांग, मग इंग्रजीत लिही. मी नवऱ्याला मराठीत सांगायचे. त्याला आता सेप्सिसबद्दल प्रिंटिंगवाल्याला लागतं त्याहून बरंच जास्त कळतं.

आठवड्याची घडी अशी बसली: तीन नाइट्स, सात ते साडेसात. बुधवारी रात्री बारापर्यंत ऑनलाइन वर्गाच्या चर्चेतलं स्वतःचं उत्तर, रविवारी बारापर्यंत दोघांना प्रतिसाद. मी नाइटच्या दिवशी अभ्यासाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं. ब्रेकमध्ये फोनवर वाचू असं वाटतं, ते होत नाही. डुलकी लागते, आणि लागू द्यावी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अण्णा घरात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्या सेमिस्टरला मी शहाणपणा करून तीन कोर्स घेतले होते, लवकर संपावं म्हणून. बारा दिवसांसाठी वाईला गेले. न्यूयॉर्कची रात्रीची बाराची मुदत म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ, नेमकी डॉक्टरांच्या राउंडची वेळ. दोन कोर्स कसेबसे सांभाळले, तिसऱ्या प्राध्यापकांना लिहिलं. त्यांनी 'इन्कम्प्लीट' सुचवलं. त्याचा फॉर्म असतो, दोघांच्या सह्या, उरलेलं काम आणि शेवटची तारीख. तारीख चुकली की आपोआप नापास. आणि ग्रेड नसेपर्यंत हॉस्पिटल पैसे देत नाही, ते मला मार्चमध्ये मिळाले. पण असा फॉर्म असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी कोर्स सोडायच्या बेतात होते. अडचण आली की आधी प्राध्यापकांना कळवा, रजिस्ट्रारकडे नंतर.

अण्णांच्या वॉर्डातली सिस्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली, पोस्ट बेसिक बीएस्सी करावं की नको या विचारात. आपल्याकडे जीएनएम तीन वर्षांचं आणि त्यावर पोस्ट बेसिक दोन वर्षांचं. "मॅडम, दोन वर्षं बिनपगारी कशी काढायची?" ती म्हणाली. नोकरी सांभाळून शिकण्याची माझी सोय तिला नव्हती. मला उत्तर सुचलं नाही.

शेवटच्या सेमिस्टरला प्रॅक्टिकम. हॉस्पिटलबाहेर, समाजात जाऊन काम करायचं. मी आमच्या भागातलं एक सीनियर सेंटर निवडलं. बंगाली, गुजराती, नेपाळी आजी-आजोबा. बीएलएसचं, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं, कार्ड, फ्लूची लस, स्वतःचा मालप्रॅक्टिस विमा आणि पार्श्वभूमी तपासणी एवढं आधी जमवावं लागतं, त्याला महिना लागला, तो धरूनच चाला. बीपी मोजता मोजता लक्षात आलं की सगळे 'मीठ कमीच खातो' म्हणतात आणि पिशवीत लोणच्याची बाटली असते. म्हणून एक तक्ता केला: लोणचं, पापड, फरसाण, डबाबंद सूप. दिवसाला २,३०० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा म्हणजे सगळं मिळून लहान चमचाभर मीठ. चमचा हातात घेऊन दाखवला तेव्हा एक गुजराती बा म्हणाल्या, "एटलुं तो मारा एक पापडमां छे." अतिशयोक्ती होती, पण पुढच्या आठवड्यात त्या पापड न घेता आल्या आणि इतरांच्या पिशव्या तपासू लागल्या. बारा वर्षांपूर्वी मी असल्याच माणसांच्या घरी मऊ भात करत होते.

एप्रिल २०२५. पदवीदानाचा अर्ज केला, डिग्रीच्या अटी पूर्ण झाल्या का ते तपासणारं ऑडिट आलं, लाल अक्षरात: लिबरल आर्ट्समध्ये दोन क्रेडिट्स कमी. मी पडदा तीनदा रिफ्रेश केला. झालं असं की बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर नावात 'बिझनेस' असल्यामुळे ऐच्छिकच्या डब्यात गेला होता. आता उन्हाळ्यात आणखी एक विषय किंवा अपील. अपीलला अभ्यासक्रम हवा, २००८-०९ चा. वहिनी माझ्या जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत गेली. तिथल्या काकांनी माळ्यावरून छापील अभ्यासक्रमांचे गठ्ठे काढून दिले, तिनं दोन तास धूळ खात चाळले आणि सात पानांचे फोटो पाठवले. या वेळी वेगळ्या ईमेलनं, एकेक पानाला क्रमांक देऊन. मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, चलनवाढ. अकरा दिवसांनी उत्तर आलं: मान्य. तीन क्रेडिट्स.

खर्चाचं विचारतात म्हणून: बीएसएनच्या ३१ क्रेडिट्सची फी ९,४५५ डॉलर, त्यातली जवळजवळ सगळी हॉस्पिटलनं परत दिली. स्टॅटिस्टिक्स, अहवाल, विमा, पुस्तकं आणि किरकोळ फिया मिळून माझ्या खिशातून दोन हजारांच्या थोडे वर गेले. पगार तासाला दीड डॉलरनं वाढला. काम तेच, वॉर्ड तोच, नाइट तीच.

अॅडव्हायजर बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं माजी विद्यार्थ्यांना बोलावलं, म्हणून महिन्यातला एक शनिवार मी त्या कम्युनिटी कॉलेजात बसते. तीन रकान्यांचा कागद अजून तोच आहे. पहिल्या शनिवारी ढाक्याहून आलेली एक मुलगी समोर बसली, पहिलंच सेमिस्टर, हातात फोन, फोनवर फाफ्सा उघडलेला. "दीदी, माझी तिकडची बी.ए. आहे, तीन वर्षांची. इथे हो म्हणू ना?"

मी म्हटलं, "थांब. आधी फोन खाली ठेव."